दोन्ही घरचा माणूस

सूर्यभान गावंडेला बोलता येत नाही, असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. जळालेली मोटार समोर आली की तो घटकाभर बोलायचा. शेतकऱ्यानं विहिरीवरची मोटार दुकानात आणून टेकवली की तो आधी वाकून तिचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, "एक फेज गेला तरी चालूच ठेवली ना काका?" काका चपापायचा. मग सूर्यभान समजावून सांगायचा, अशी मोटार कशी कण्हत कण्हत चालते, आतल्या आत कशी तापत जाते, आणि शेजारी बसलेल्या माणसाला वास येईस्तोवर कसं काही कळत नाही. मोटारी भरणं हा त्याचा धंदा. जळालेली तांब्याची तार कापून काढायची, खाचा घासून साफ करायच्या, नवी तार गुंडाळून बसवायची. अमरावतीत बडनेरा रोडवर त्याचं दुकान होतं आणि पार दर्यापुराकडून लोक यायचे. मोटारीबद्दल विचारा, तो सांगेल. माणसाबद्दल विचारलं की मात्र मान हलवायचा. "बरा हाय," एवढंच.

तो पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातला. बाप वीज पडून गेला तेव्हा सूर्यभान सातवीत होता. गावात पुढं शाळा नव्हती आणि आई मैनाबाई लोकांच्या वावरात निंदायला जायची. तेव्हा भातकुलीचे रामराव ढोरे, बापाचे जुने सोबती, स्वतः आले आणि पोराला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेले. दहावी होईस्तोवर तो त्यांच्या घरी राहिला. रामरावांचा अमोल त्याच्याच वर्गात. सत्यवतीकाकूनं दोघांत कधी भेद केला नाही. दिवाळीला एकाच ताग्यातून दोघांचे शर्ट शिवायची. कोणी विचारलं, "जुळे हायेत का व?" तर म्हणायची, "हो, एक जरा उन्हात पडला होता."

अमोल गोरा, बोलका, दिलदार. कोणाच्याही लग्नात पहिला तोच नाचायचा. नववीत सूर्यभानच्या हातून शाळेच्या कपाटाची काच फुटली, तेव्हा अमोल उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी फोडली." छड्या त्यानं खाल्ल्या. अशा गोष्टी माणूस विसरत नाही, आणि सूर्यभानसारखा तर नाहीच.

आयटीआय झाल्यावर तो अकोल्याला अब्दुल रहीम उस्तादांच्या दुकानात हात बसवायला गेला. दोन वर्षं तिथं होता. त्यातला दुसरा उन्हाळा त्याच्या आयुष्यातला एकमेव बरा उन्हाळा म्हणायला हरकत नाही. मे महिन्यात कृषी विद्यापीठाच्या क्वार्टरमधून एक मुलगी कूलरची मोटार पिशवीत घालून घेऊन आली. खुशालराव तायडे म्हणून तिथं क्लार्क होते, त्यांची ती माया. उस्ताद नमाजाला गेले होते. तिनं विचारलं, "केव्हा होईल?"

"उद्या."

"आज नाई होनार? बाबाले उष्णता सोसत नाई."

तिथून पुढं त्यानं हात धुतले नाहीत, जेवला नाही, तीन तासांत मोटार भरली. वार्निश वाळत नव्हतं तर ती उन्हात धरून उभा राहिला. मग क्वार्टरवर जाऊन कूलरला बसवून दिली. पंखा फिरला तेव्हा माया हसली आणि म्हणाली, "तुमी बोलत नाई, पण काम करता बुवा."

त्यानंतर तायड्यांच्या घरातलं एकेक यंत्र बिघडायला लागलं. मिक्सर, पाण्याचा पंप, शेजारणीचा टेबलफॅन. उस्तादांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "बेटा," ते म्हणाले, "यह लडकी या तो बडी बदनसीब है, या तो बडी होशियार." सूर्यभान खाली मान घालून तार गुंडाळत राहिला. माया मातीपरीक्षणाचा कोर्स करत होती. संध्याकाळी विद्यापीठाच्या रस्त्यानं दोघं चालायचे. ती बोलायची, तो ऐकायचा. रामराव, काकू, अमोल, फुटलेली काच, हे सगळं मात्र त्यानं तिला सांगितलं. लग्नाचा शब्द एकदाच निघाला. रामरावांनी त्याला अमरावतीतल्या आपल्या प्लॉटवरची समोरची खोली दुकानासाठी दिली, तेव्हा अकोला सोडताना तो म्हणाला, "दुकान लागू दे. दिवाळी झाली का काकूले सांगतो. थे येतील तुया घरी."

"पक्कं?"

"पक्कं."

दिवाळी झाली. दुकान चालायला लागलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत कार्तिक संपला. आणि एका रविवारी सकाळी अमोल गाडी घेऊन दारात उभा. तोवर त्यानं भातकुलीत बी-बियाणं, औषधांचं कृषी केंद्र टाकलं होतं. "चल बे सुर्या, आंग धू. पोरगी पाहाले जाऊन राहिलो अकोल्याले. बाबा येत नाई म्हनते, म्हने आधी तुमी पोरं पाहून या."

मूर्तिजापूरला चहाला थांबले. सूर्यभाननं सहज विचारलं, "कोणाची पोरगी?"

"विद्यापीठात क्लार्क हायेत. तायडे. पोरगी माया का काहीतरी."

चहा त्याच्या हातात तसाच राहिला. मूर्तिजापूर ते अकोला पाऊण तासाचा रस्ता. त्या पाऊण तासात तो बोलू शकला असता. एक वाक्य होतं ते. पुढं कितीतरी वर्षं त्यानं ते वाक्य मनातल्या मनात वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून पाहिलं. गाडीत मात्र तो बोरगाव मंजूचा फाटा, बाजूची तूर, समोरचा ट्रक पाहत बसला आणि अमोल गाणं गुणगुणत राहिला.

क्वार्टरच्या ओसरीवर तो कूलर झाकून ठेवलेला होता. मायानं दारात सूर्यभानला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, हाच आला. मग खुशालरावांनी अमोलला पुढं बसवलं, त्याच्या शिक्षणाची, दुकानाची विचारपूस सुरू केली, आणि तिला उमगलं. ती समोर बसली तेव्हा सबंध वेळ सूर्यभानकडे पाहत होती. त्यानं नजर जमिनीवरून उचलली नाही. रीत म्हणून अमोलला आणि तिला दहा मिनिटं मागच्या अंगणात बोलायला पाठवलं. परत आले तेव्हा अमोल हसत होता.

परतीच्या वाटेवर अमोल म्हणाला, "मले पसंत हाय. तू काहून चूप हाय बे? सांग ना, कशी वाटली?"

"चांगली हाय," सूर्यभान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "तुमी बोलता का मी बोलू?"

त्यानं दोन दिवस मागितले. दोन दिवसांत तो भातकुलीला जाऊन आला. काकू मायाचा फोटो सगळ्या गल्लीत दाखवत होती. त्याच्या ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "सुर्या, तू होता म्हून बरं झालं. अमोल म्हने, सुर्यानं हो म्हनलं तवाच म्या हो म्हनलं." तो जेवला आणि परत आला.

तिसऱ्या दिवशी त्यानं फोन केला. "माया, अमोल माहा भाऊ हाय. त्या घरचं मीठ खाल्लं म्या. मले नाई जमनार."

 ती म्हणाली, "मीठ तुमी खाल्लं आन् फेडू मी?"

त्यानं फोन ठेवला. मार्चमध्ये खुशालराव रिटायर होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि त्याआधी मुलीचं उरकावं म्हणून घरातले मागे लागले होते. माया हो म्हणाली. कदाचित बापासाठी, कदाचित सूर्यभानवरच्या रागानं. लग्नात सूर्यभान दोन दिवस मांडवाच्या दिव्यांपासून पंगतीपर्यंत राबला. वरातीत अमोलनं त्याला ओढून नाचायला लावलं, आणि तो नाचला.

आपण मोठं काही केलं, असं त्याला त्या काळात खरंच वाटायचं. दुकानात एकटा असला की त्याला स्वतःची कीव यायची आणि त्या किवेत एक गोडीही होती. मित्रासाठी जीव देणारी माणसं असतात, आपण त्यातलेच, असं काहीतरी. माया त्याच्याशी अनोळखी पाहुण्यासारखी वागायची. "या भाऊजी, बसा भाऊजी." तेही तो त्याच गोडीत सहन करायचा.

दुसऱ्या वर्षी श्रावणात त्यांच्या घरचा पाण्याचा पंप बंद पडला म्हणून तो भातकुलीला गेला. दुपार होती. तो अंगणात पंप उघडून बसला होता. आत अमोलचा आवाज चढला. कसला तरी कागद तिनं जागचा हलवला होता. सूर्यभाननं मान वर केली तेव्हा उघड्या दारातून त्याला नीट दिसलं. मायाचा हात लोखंडी कपाटात होता आणि अमोलनं पायानं कपाटाचं दार लोटलं. एकदा. ती ओरडली. त्यानं पुन्हा लोटलं.

पाना त्याच्या हातातून पडला. तो धावत गेला. त्याला पाहून अमोल बाजूला झाला, आणि त्याचा चेहरा क्षणात तोच झाला, शाळेतला, हसरा. "अरे, दार लागलं हिच्या हाताले. गाडी काढ, सुर्या."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"  मायानं सूर्यभानकडे पाहिलं. अमोलनंही पाहिलं. सूर्यभान म्हणाला, "दार लागलं."

हे खोटं नव्हतं, असं त्यानं नंतर स्वतःला समजावलं. दार लागलंच होतं.

घरी परतल्यावर सत्यवतीकाकूनं त्याला बाजूला घेतलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "घरातली गोष्ट हाय बाबू. तू घरचाच ना." मायाची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, वाकडीच बसली. काकूच सांगायची, पोरगी भांडं नीट धरत नाही.

त्यानंतर सूर्यभाननं भातकुलीला जाणं कमी केलं. काम आहे म्हणायचा. मग एका दुपारी माया दुकानात आली. हातात बॅग, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला. चैत्राचं ऊन नुसतं पेटलं होतं. तिनं स्कार्फ काढला तर कानामागं सूज होती. ती त्याला भाऊजी म्हणाली नाही. "अकोल्याची गाडी धरू म्हनलं तर स्टँडवर त्यांच्या ओळखीचे लोक बसले हायेत. मले गाडीवर बडनेऱ्याले नेऊन सोडा. तिथून मी रेल्वेनं जातो. एवढंच करा."

एवढंच होतं. अर्ध्या तासाचं काम. मोटारसायकल दारात उभी होती.

सूर्यभान म्हणाला, "बस. पानी पी. चहा सांगतो."

तो चहा सांगायला म्हणून बाहेर आला, टपरीच्या आडोशाला उभा राहिला आणि त्यानं अमोलला फोन लावला. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं, ते त्याला पुढं नीट सांगता आलं नाही. संसार मोडू नये, असं होतं. काकूच्या तोंडाला काळं लागू नये, असं होतं. आणि जिथं तो उभा होता ती भिंत, ते शटर, ते रामरावांचं होतं, हेही होतं. "वहिनी अठी आल्या," तो म्हणाला. "रागात हायेत. ये, समजाव."

अमोल चाळीस मिनिटांत आला. येताना चौकातून उसाचा रस घेऊन आला, तीन गिलासांचा, पिशवीत बांधून. "काय हे माया, सुर्याले कायले तरास?" म्हणाला. माया उठली. बॅग उचलताना सूर्यभानच्या अगदी जवळून गेली आणि हळू विचारलं, "तुमी फोन केला?"

"तुया भल्यासाठीच..." तो म्हणाला.

तिनं पुढचं ऐकलं नाही. गाडीत जाऊन बसली. रस कोणीच प्यायला नाही.

चार महिन्यांनी ती कोणालाही न विचारता निघाली, पहाटेच्या पहिल्या एसटीनं, आणि अकोल्याला पोचली. खुशालराव तोवर क्वार्टर सोडून दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला गेले होते. त्यांनी पोरीची बोटं पाहिली, पाठ पाहिली, आणि म्हणाले, आता जायचं नाही. दोन्हीकडची चार-चार माणसं बसवून बैठक झाली. रामराव, काकू, अमोल आले, सोबत सूर्यभानही. अमोल रडला. दार लागलं होतं, म्हणाला, आणि बाकी सगळं हिच्या डोक्यातलं आहे.

खुशालराव साधे गृहस्थ. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीची वाट पाहणारा माणूस. त्यांनी सूर्यभानकडे वळून हात जोडले. "तुमी दोन्ही घरचे. आमच्या घरात आधी तुमी आले, मग हे आले. तुमी त्या दिवशी तिथं होते, असं पोरगी म्हनते. तुमी सांगाल ते आमी मानू. बोटं कशी मोडली?"

खोलीत पंखा फिरत होता. आतल्या खोलीच्या पडद्याआड माया उभी होती, तिची पावलं पडद्याखाली दिसत होती. काकूनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे डोळे सूर्यभानवर होते. सातवीतल्या पोराला ज्या डोळ्यांनी तिनं पहिल्या दिवशी पाहिलं होतं, तेच डोळे.

"दार लागलं," सूर्यभान म्हणाला.

पडद्याखालची पावलं आत गेली.

गोष्ट अकोल्यात पसरायला किती वेळ लागतो. पुढं एकदा बसस्टँडकडे जाताना सूर्यभान उस्तादांच्या दुकानात डोकावला. अब्दुल रहीम आता थकले होते, चष्मा जाड झाला होता. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "मैंने तुझे सब सिखाया. तार गिनना सिखाया, जला हुआ पहचानना सिखाया. अब मेरा नाम मत लेना कहीं, के इनका शागिर्द हूँ."  सूर्यभान स्टँडकडे निघाला.

मायानं अमोलवर मारहाणीची तक्रार केली, खटला चालला. कपाटाचं दार लोटताना पाहणारा एकच साक्षीदार होता आणि तो तायड्यांच्या बाजूचा नव्हता. चार वर्षं तारखांना ये-जा करून खुशालराव थकले. शेवटी मायानं तक्रार मागं घेतली, त्याच्या बदल्यात अमोलनं सोडचिठ्ठीवर सही केली. निर्दोष सुटल्यासारखं ढोऱ्यांच्या घरी पेढे वाटले गेले. सूर्यभानच्या हातावरही काकूनं एक ठेवला.

पुढच्याच वर्षी अमोलचं दुसरं लग्न झालं. वरुडकडची मुलगी, फारशी शिकलेली नाही, गरिबाघरची. वर्ष व्हायच्या आत अमोल दुकानावर आला आणि इकडचं-तिकडचं बोलून म्हणाला, "सुर्या, हे खोली आता मले पायजे. साळ्याले मोबाईलचं दुकान टाकून द्याचं हाय."

सूर्यभानला आधी समजलंच नाही. "मंग मी?"

"तू दुसरी पाय ना. दोन महिने घे."

तेव्हा सूर्यभान, आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्यावर ओरडला. काय काय बोलला ते त्यालाही कळत नव्हतं. "तुयासाठी म्या काय सोडलं तुले माईत हाय का? तुले काईच माईत नाई!"

अमोल स्टुलावर बसला. त्याला राग आला नव्हता. गंमत वाटत होती. "मायाबद्दल बोलतं का? माईत हाय ना. पहिल्याच दिवशी मागच्या आंगनात सांगतलं तिनं. म्हने, तुमच्या दोस्ताचं आन् माहं ठरलं हाय, तुमी नाई म्हना."

सूर्यभाननं हातातली तार टेबलावर ठेवली.

"मी म्हनलं, सुर्या सांगते का पाहू. गाडीत विचारलं का नाई तुले? कशी वाटली म्हून? तू म्हनला चांगली हाय." अमोल उठला, पँट झटकली. "एक बार जरी बोलला असता ना बे, म्या सोडून देल्ली असती. नाई बोलला. मंग म्या म्हनलं, ठीक हाय. पन तिच्या मनात तूच, हे का विसरता येते मानसाले?"

तो खरं बोलत होता की जाता जाता एक लाथ मारत होता, हे कळायला मार्ग नव्हता. एक बार बोलला असता तर सोडली असती, हे खोटंही असेल. पण अंगणातली गोष्ट खरी असावी. म्हणजे कपाटाचं दार लोटताना अमोलला ठाऊक होतं की अंगणात बसलेला माणूस मायाचा कोण आहे.

सूर्यभान अकोल्याला गेला. माया एका खाजगी प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासायचं काम करत होती. दुपारच्या सुट्टीत ती बाहेर आली, त्याला पाहून थांबली, आणि आवारातल्या कडुनिंबाखाली बाकावर बसली. अंतर ठेवून. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. वाकड्या बोटांनी तिनं डबा उघडला आणि जेवायला लागली. त्याला घे म्हटलं नाही.

"त्याले तू सांगतलं होतं?" त्यानं विचारलं. "पहिल्याच दिवशी?"

"हो."

"मले काहून नाई सांगतलं, का त्याले माईत हाय म्हून?"

माया घास चावत राहिली. मग म्हणाली, "मले पाहाचं होतं. वाटलं, दोघांतला एक तरी मानूस निघन."

तो म्हणाला, "मी चुकलो, माया."

"चूक एकदा होते. तुमी दवाखान्यात तेच बोलले, बैठकीत तेच बोलले. मधात मी दुकानात आली होती." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "त्यानं मारलं ते मले आता आठवत बी नाई रोज. तो तसाच हाय, म्या समजून घेतलं. तुमी चहा सांगतो म्हनलं ना, ते आठवते."

"आता म्या कोर्टात सांगतो. आता सगळं सांगतो. आता..." त्याला आणखी काही म्हणायचं होतं, ते त्याच्या तोंडावर आलंही असावं, कारण तिनं डबा बंद केला.

"आता कोनाले सांगता? केस संपली. आन् दुसरं जे मनात हाय ते बोलू नका. इतकी वर्षं नाई बोलले, आता बी नका बोलू." घंटा झाली. ती उठली. "बाबाची तब्येत बरी नाई. त्याईच्या समोर जाऊ नका."

सूर्यभाननं दुकान अकोटला हलवलं. कापसाच्या जिनिंगच्या गावात मोटारींना काय तोटा. काम चांगलं, बोलणं कमी, कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून लोकांनी त्याला लगेच आपलं म्हटलं. एकदोघांनी स्थळंही आणली. तो नको म्हणायचा. भातकुलीशी संबंध तुटला, फक्त दर रविवारी काकूचा फोन यायचा. "जेवला का बाबू?" "जेवलो." रामराव वारले तेव्हा तो गेला, खांदा दिला आणि अमोलशी न बोलता परत आला. रविवारचा फोन मात्र त्याला तोडवेना.

परवाच्या मार्गशीर्षात एका रविवारी काकू बोलता बोलता म्हणाली, "सूनबाई पडली रे न्हानीत. हात मोडला. सारा सैपाक माह्याच गळ्यात."

सूर्यभान फोन कानाशी धरून उभा होता. "कशी पडली?"

"पाय सरकला."

"काकू, कशी पडली?"

 काकू म्हणाली, "तू जेवला का?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि अमरावतीची बस धरली. बडनेरा रोडवरच्या आपल्या जुन्या जागेसमोर उतरला. शटर निळं रंगवलेलं होतं, आत काचेच्या कपाटात मोबाईल मांडले होते. वरुडचा तो साळा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, फोनवर काच चिकटवत बसला होता. सूर्यभाननं स्वतःचं नाव सांगितलं. आणि मग त्यानं बोलायला सुरुवात केली. कपाट, दार, पाय, एकदा नाही दोनदा, दवाखाना, बैठक, आपलं खोटं. काहीच राखलं नाही. पंधरा मिनिटं तो बोलला. घाम फुटला होता. शेवटी म्हणाला, "तुया बहिनीले घेऊन जाय भाऊ. ते न्हानीत नाई पडली."

पोरानं काचेखालचा बुडबुडा नखानं दाबून बाहेर काढला. मग वर पाहिलं.

"तुमीच का ते, ज्यायची जागा भाऊजीनं खाली करून घेतली?"

"हो. पन..."

"भाऊजी म्हनतच होते, थो येईन एक ना एक दिवस. काडी लावाले." तो उठून उभा राहिला. "बहीन माही हाय. पाय सरकला म्हनते तिनंच सोता. तुमाले आमच्या घरची एवढी काळजी कावून? जागा गेली म्हून?"

सूर्यभाननं तोंड उघडलं. अमोलच्या पहिल्या बायकोला विचार, अकोल्यात आहे, असं म्हणणार होता. पण कोर्टाच्या कागदावर मायानंच तक्रार मागं घेतली होती, आणि बैठकीत साक्ष कोणाची होती, हे सगळ्या भातकुलीला तोंडपाठ होतं. पोरगा फोन कानाला लावून त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. "हां भाऊजी," तो म्हणत होता, "आले हायेत. आता अठीच हायेत."

सूर्यभान दुकानाच्या पायरीवरून खाली उतरला. बडनेऱ्याकडून येणाऱ्या गाड्या एकामागून एक जात होत्या. अमोल येईल म्हणून तो तासभर तिथं उभा राहिला. अमोल आला नाही. त्याला यायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी काकूचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.